थोडं काम पाहुण्यांसाठी शिल्लक ठेवा

कोजागिरी तोंडावर आली की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सासू, नोकरी, मुलांचे मार्क. आता मात्र ‘घरी पंधरा माणसं येणार आहेत, काय करू?’ या वेळी अशी बरीच पत्रं आली आहेत, त्यातली चार घेते. डोंबिवलीतल्या साडेचारशे चौरस फुटांच्या घरात तीस वर्षं माणसं बोलावतेय, तेवढ्याच अधिकारानं लिहिते. माझा स्वयंपाक बेताचाच आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

ताई, मी ३४ वर्षांची, नोकरी करते. कॉलेजच्या चार मैत्रिणी, त्यांचे नवरे, आम्ही दोघं आणि सगळ्यांची मिळून सात मुलं असे दर कोजागिरीला आमच्याकडे जमतो. मागच्या वर्षी मी दोन दिवस रजा काढून छोले, पुलाव, दहीवडे, कटलेट, रबडी असं सगळं घरी केलं. सगळे खूश होऊन गेले आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. नवरा मदत करतो, पण ‘सांग, काय करू’ म्हणत मागेमागे फिरतो. सासूबाईंना बाहेरून मागवलेलं आवडत नाही. या वर्षी नकोच म्हणावंसं वाटतं, पण मैत्रिणी तर हव्या आहेत. – ठाणे

तुझं पत्र वाचलं आणि मला माझी १९९४ सालची कोजागिरी आठवली. तेव्हा मी रोज सव्वाआठच्या फास्टनं मुंबईला जायची. लेडीज डब्यात आमचा चौदा जणींचा ग्रुप होता. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून भाजी निवडायची, एकमेकींच्या खांद्यावर झोपायचं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं बांधून आरती करायची, सगळं सगळं. पण एकमेकींची घरं पाहिलेली नव्हती. म्हणून मी हौसेनं सगळ्यांना बोलावलं आणि हौसेच्या भरात ठरवलं: बटाटेवडे, कोथिंबीरवडी, पुलाव, कढी, श्रीखंड आणि वर मसाला दूध.

त्या आल्या सात वाजता. मी वड्यांच्या कढईपाशी. बाहेरच्या खोलीत एकदम हसण्याचा मोठा लोट उठला. मी आतून ओरडले, “काय झालं गं?” उत्तर आलं, “काही नाही गं, तू ये आधी!” पुन्हा हशा, पुन्हा माझं “काय झालं?” माझ्याच घरात, माझ्याच मैत्रिणी, आणि मी भिंतीपलीकडून विचारतेय. मधूनमधून कोणी दारात येऊन म्हणे, “काही करू का?” मी म्हणे, “छे छे, तुम्ही बसा.” ते ‘तुम्ही बसा’ मी त्या संध्याकाळी किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे.

साडेनऊला सिलेंडर संपला. दुसऱ्याचा नंबर लावला होता, तो यायचा होता. वडे अर्धे तळलेले, दूध नुसतंच कोमट. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि म्हटलं, “गॅस गेला.” रडूच यायचं बाकी होतं. तर आमची अंबरनाथची मैत्रीण म्हणते, “बरं झालं! आता तरी तू बसशील.” तिनं दुधाचं पातेलं उचललं आणि ओळखदेख नसताना समोरच्यांची बेल वाजवली. दुसरीनं माझी फडताळं उघडली. पोराच्या संध्याकाळच्या खाण्यासाठी ठेवलेला कुरमुऱ्यांचा डबा तिच्या हाती लागला. पाचजणी स्वयंपाकघरातल्या फरशीवर एक विळी आणि एक सुरी घेऊन बसल्या. भेळ कालवली गेली. इतकी तिखट झाली की सगळ्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. आणि मला अखेर कळलं, त्या कशाला हसत होत्या. एकजण आदल्या आठवड्यात गाडीत झोपून थेट बदलापूरला पोचली होती आणि तिथे भाजी स्वस्त मिळाली म्हणून खुशीत दोन पिशव्या भरून परत आली होती.

पुढच्या वर्षी मी विचारलं, काय करू? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, भेळ. वड्यांचं नाव कुणी काढलं नाही. जरा लागलं मनाला, खोटं कशाला सांगू.

तर तुझ्यासाठी. तू दोन दिवस रजा काढून सगळं संपवून ठेवतेस आणि मग माणसांना करण्यासारखं काही उरत नाही. रिकाम्या हातानं सोफ्यावर बसलेली मैत्रीणही पाहुणीच वाटायला लागते, जपून बोलते, ‘घर छान ठेवलंयस’ म्हणते. तिच्या हातात कांदा नि सुरी दे. डोळे पुसत ती खरं काय ते बोलायला लागेल. तेव्हा चिरायचं, कालवायचं, ढवळायचं काम मुद्दाम ठेव. फक्त जे कुणाला दिसत नाही ते आधी करून टाक: बटाटे उकडणं, चिंच-खजुराची चटणी (ती फ्रीजमध्ये चार दिवस सहज राहते), लसूण सोलणं, पाणी भरणं.

तुम्ही सतरा आणि सासूबाई अठरा. भेळेला एक किलो कुरमुरे आण. पिशवी बघून घाबरू नकोस, संपतात. अर्धा किलो बारीक शेव, दीड किलो बटाटे, किलोभर कांदे, अर्धा किलो टोमॅटो. हिरवी चटणी त्याच दिवशी वाट. मुलांची भेळ आधी, बिनतिखटाची कालवायची आणि ती मुलांनीच कालवायची. एक गरम पदार्थ हवा, तर मसालेभात. तिघांना एक वाटी तांदूळ धरतात, तुला सहा वाट्या पुरतील, सोबत ताक. तिसरं दूध. झालं. चौथा पदार्थ मनात आला की एखाद्या मैत्रिणीला फोन कर आणि म्हण, “तू आण.” लोक विचारतात ना, काय आणू? आपण म्हणतो, काही नको, तुम्ही या फक्त. मग ते मिठाईचा बॉक्स आणतात, तो आपल्या फ्रीजमध्ये पंधरा दिवस पडतो.

दुधाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. चार लिटर म्हशीचं दूध. जाड बुडाचं पातेलं, आत थोडं पाणी फिरवून मग दूध ओतायचं, म्हणजे खाली लागत नाही. हे साडेसातला, लोक आल्यावर, चढवायचं. आधी नाही! चाराचं तीन लिटर होईपर्यंत आटवायला बराच वेळ जातो आणि सतत कुणीतरी बुडाशी उलथनं फिरवत राहावं लागतं. हे काम नवरे मंडळींना पाळीपाळीनं दे. उलथनं हातात असलेला माणूस राजकारणावरसुद्धा जरा हळू बोलतो, कारण दूध उतू जाईल ही धास्ती असते. बाजूवर साय धरते, ती खरवडून आत ढकलायची. साखर शेवटी, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, चव बघत. केशर कोमट दुधात भिजवलेलं. बदाम, पिस्ते, वेलची भरड कुटून, चारोळी अख्खी. मिक्सरमध्ये बदाम फार वेळ फिरवलेस तर तेल सुटून गोळा होतो. जायफळ चिमूटभरच. त्या रात्री ‘को जागर्ति’ म्हणजे कोण जागं आहे असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. जायफळ जास्त झालं तर ती यायची आणि तुम्ही सगळे घोरत असायचात.

हा मसाला सासूबाईंकडे दे. ‘मदत करा’ म्हणून नाही, ‘हे तुमच्याशिवाय जमत नाही’ म्हणून. बाहेरून आणण्याबद्दल त्यांना विचार, तुमच्या काळी चिवडा, चकली, फरसाण गृहउद्योगातून येत नव्हतं का? आलं होतंच. मुलांना पोळ्या लागत असतील तर पोळी-भाजी केंद्रात सकाळीच सांगून ठेव आणि संध्याकाळी नवऱ्याला पाठव.

आणि नवरा. ‘सांग, काय करू’ म्हणणाऱ्याला काम सांगू नकोस, खातं दे. पाणी, ग्लास, बर्फ, कचऱ्याची पिशवी आणि न्हाणीघर हे त्याचं. कुणी येऊन तुला म्हणालं, “पाणी कुठंय?” तर “मंत्र्यांना विचारा.” दोन-चारदा ग्लास कमी पडतील. पडू देत. मधे पडलीस तर खातं तुझ्याकडे परत आलंच म्हणून समज.

एक विसरले. घर आवरायचं ते एवढंच: न्हाणीघर स्वच्छ, नवा साबण, कोरडा टॉवेल आणि बसायला जागा. कपाटं बंद आहेत ना? मग झालं. गाद्या भिंतीला टेकवून वर चादर, मधे सतरंजी. दारातल्या चपलांकडे बघू नकोस.

मावशी, आम्ही तिघं मित्र पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. ऑफिसचे बाराजण शनिवारी यायचेत. दर वेळी पिझ्झा मागवतो, सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, दहाला निघून जातात. घरात दोन पातेली नि तीन ताटल्या. घरमालक वरच्या मजल्यावर. – पुणे

मिसळ कर. तुमच्या गावात राहून हे मला विचारावं लागतं का रे?

पंधराजणांना पाऊण किलो मटकी. गुरुवारी रात्री भिजत घाल, शुक्रवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांध, शनिवारी सकाळपर्यंत मोड येतात. थंडी असेल तर एक दिवस आधी सुरुवात कर. उसळ साधी: फोडणी, हळद, मीठ. कटाला कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून, आलं-लसूण घालून वाट, मसाला घाल आणि तेल टाकताना हात आखडू नकोस. तेल कमी म्हणजे तर्री नाही, तर्री नाही म्हणजे ती आजारी माणसाची आमटी. किलोभर फरसाण, एक किलो कांदा, दहा-बारा लिंबं. पाव माणशी तीन धर. सहाच्या लाद्या मिळत असतील तर आठ आण. उरलेल्या पावांचं सकाळी काय करायचं हे तुम्हा तिघांना मी सांगायला नको.

कट दोन पातेल्यांत ठेव, एक तिखट, एक माणसांसाठी. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर उसळ आधीच वेगळी काढ, नंतर चमच्यानं कांदा वेचून काढलेला त्यांना कळतो. मग सगळं ओट्यावर ओळीनं मांड आणि ज्यानं त्यानं आपलं घ्यावं. कोल्हापूरचा असेल तो पावाऐवजी स्लाइस ब्रेड मागेल, नाशिकचा पापड नि दही विचारेल, पुण्याचा ‘खाली पोहे नाहीत?’ म्हणेल. हा वाद सुरू झाला की मोबाईल खिशात जातात. तू फक्त पेटवून द्यायचं.

ताटल्यांचं सोपं आहे. ट्रेकला जाताना सांगतात तसं सांग: आपापली खोलगट ताटली नि चमचा घेऊन या आणि जाताना विसळून न्या. थर्माकोलच्या प्लेटा महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत आणि पत्रावळीत मिसळ घेतलीस तर कट मांडीवर. मोठं पातेलं शेजाऱ्यांकडून आण. घरमालकांकडे शनिवारी दुपारीच जाऊन सांग, आणि सातला त्यांना गरम मिसळीचं एक भांडं नेऊन दे. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. घरातला स्पीकर त्या नियमात बसतो की नाही हा मुद्दा मात्र जिन्यात उभं राहून त्यांच्याशी घालू नकोस. दहाला बंद कर.

हो, आणि तारीख पक्की करायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघ. मी एकदा संकष्टीला आठजणींना वडापावला बोलावलं होतं. त्यातल्या पाचजणींचा उपास. सगळ्या गॅलरीत चंद्रोदयाची वाट बघत बसलेल्या, आणि त्या दिवशी नेमके ढग.

पाहुणे वेळेवर जात नाहीत. बारा वाजतात. उद्या ऑफिस असतं. तोंडावर कसं सांगायचं? – नवी मुंबई

आमच्याकडे हे काम रेल्वे करते. “शेवटची लोकल” एवढे दोन शब्द पुरतात. ज्यांच्या पाहुण्यांकडे गाड्या आहेत त्यांनी बोलावतानाच लिहावं, ‘सात ते दहा’. नुसतं ‘सातला या’ म्हणणाऱ्याला पुढची तक्रार करायचा हक्क नाही. दहाला बडीशेप फिरवा. नाही उठले तर पुन्हा बडीशेप फिरवा. तिसऱ्यांदा डबी पुढे आली की अजून कुणी बसून राहिलेलं मी पाहिलं नाही.

मी ७१ वर्षांचा. पत्नी दीड वर्षापूर्वी गेली. सकाळी फिरायला जाणारे आम्ही सातजण. पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी ते आमच्याकडे चहा-फराळाला येत. ती सगळं करायची, मला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही. आता मित्र इतरांकडे जमतात, माझ्याकडचं कुणी काढत नाही. बोलवावं असं फार वाटतं. पण मला चहाशिवाय काही येत नाही आणि त्यांनी कीव केलेली मला चालणार नाही. – मिरज

काका, नमस्कार. तुमच्याकडचं कुणी काढत नाही, कारण तुम्हाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. तुम्ही काढत नाही, कारण त्यांना कीव येईल असं तुम्हाला वाटतं. म्हणजे सातही जण रोज सकाळी शेजारी शेजारी चालत हेच मनात धरून आहेत. उद्या फिरताना तुम्हीच म्हणा, “रविवारी चारला माझ्याकडे. पोहे मी करणार आहे आणि मला येत नाहीत, तेव्हा लवकर या.” पुढचं ते बघून घेतील. तुमच्या सातातल्या एकाला तरी पोह्यांबद्दल ठाम मतं असणारच.

बाईंचा फराळ करायला जाऊ नका. त्यांच्या चकल्या, त्यांच्या करंज्या त्यांच्याबरोबर. तुम्ही पोहेच करा.

सातजणांना अर्धा किलो पोहे, तीन कांदे, दोन बटाटे. कांदे-बटाटे मित्रांना चिरू द्या, एकाला नारळ खवायला बसवा. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली भिजवा आणि निथळत ठेवा, पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवलेत तर लगदा होतो. दहा मिनिटांनी बोटांनी दाबून बघा, दाणा मऊ लागला पाहिजे पण फुटता कामा नये. त्यावर मीठ, चिमूटभर साखर शिंपडून हलक्या हातानं मोकळे करा. कढईत तेल, मोहरी तडतडू द्या (हीच जागा लोक चुकतात, घाई करतात आणि मोहरी कच्ची कडू लागते), हिंग, मिरच्या, कढीपत्ता, हळद. बटाट्याच्या पातळ काचऱ्या आधी, त्या शिजत आल्या की कांदा, मग पोहे. झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. आणि लगेच खायला घ्या. पोहे कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून सगळे येऊन बसल्यावरच कढई चढवा.

चहा तुम्हाला येतो, तो तुमचा. साखर मात्र वेगळी ठेवा, ज्याला चालते त्यानं घालून घ्यावी. कप एकसारखे नसले तरी चालतील. मोठं पातेलं, गाळणं, चाळणी कुठे आहे ते शनिवारीच शोधून ओट्यावर काढून ठेवा. दुसऱ्याच्या हातानं लावलेल्या स्वयंपाकघरात वस्तू सापडायला वेळ लागतो, आणि तेव्हा घरात एकटं असलेलं बरं असतं.

आणि पोह्यांचा जुना डबा बरेच दिवस उघडला नसेल तर ते वापरू नका. नवे आणा. दुकानात ‘जाडे पोहे’ असं म्हणा, नुसते पोहे म्हटलंत तर तो पातळ देईल.